आजीची मांडी

"नको… मला नको देऊस तिला!" असं म्हणत प्रेमलाबाई भरल्या बारशात पाळण्यापासून मागे सरकल्या, आणि नेरूळच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाळाला पुढे धरून उभ्या असलेल्या सुनेचे, गीतांजलीचे, हात तसेच अधांतरी राहिले. नाव ठेवून झालं होतं, प्राची. आता आजीनं नातीला मांडीवर घेऊन कौतुक करायचं, एवढंच उरलं होतं… आणि तेवढंच आजीला नको होतं!

"मुलगा असता तर घेतला असता हो," कुणीतरी कुजबुजलं. सोसायटीतल्या बायकांची कुजबूज ती, खालच्या मजल्यावरही ऐकू जायची. गीतांजलीनं ती ऐकली. प्रेमलाबाईंनीही ऐकली, आणि त्या मान खाली घालून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

काय सांगणार होत्या बिचाऱ्या? गेली दोन वर्षं त्यांना लघवी धरवत नव्हती. घाई झाली की संडासाच्या दारापर्यंत पोचायच्या आत साडी भिजायची… साठीही न गाठलेल्या बाईनं हे बोलावं तरी कुणाशी? देवपूजा त्यांनी 'गुडघे दुखतात' म्हणून नवऱ्यावर सोपवली, देऊळ सोडलं, लग्नकार्यं सोडली. जुन्या सुती साड्यांच्या घड्या शिवून त्या आत बांधत, आणि बाळाची दुपटी-लंगोट मीच धुणार असा हट्ट धरून त्यांच्या आडोशाला त्या घड्या वाळत घालत. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकता झाकता बाईचा जीव मेटाकुटीला आला होता.

गीतांजली आईवेगळी पोर. तिचं बाळंतपण प्रेमलाबाईंनी पोटच्या लेकीसारखं केलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, कशात म्हणून कमी पडू दिलं नाही. फक्त बाळाला मांडीवर घेतलं नाही. मांडीवर बाळ असताना झटकन उठता आलं नाही तर? त्या निष्पाप जिवाला आपली अपवित्र ओल लागली तर?… या धास्तीनं त्या नातीला दुरूनच डोळे भरून पाहत, आणि सून ते पाहणं भलत्याच अर्थानं मनाला लावून घेई.

दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी सुनेचा बांध फुटलाच.

"तुझ्या आईला मुलगी नकोय, ऋषी! मी प्राचीला घेऊन सानपाड्याला मावशीकडे चालले. रोजचं हे टेन्शन नाही झेपत मला."

"आई, तू काहीतरी बोल ना गं!" ऋषी काकुळतीला आला.

प्रेमलाबाई एक शब्द बोलल्या असत्या तर सून थांबली असती, नात थांबली असती! पण तो शब्द जिभेवर येईना. "जाऊ दे तिला…" एवढंच त्या पुटपुटल्या. नातीचा दुस्वास करणारी सासू म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं, हे सांगणं परवडत नव्हतं.

गीतांजली बॅग भरायला लागली. बाळाचे कपडे काढायला गॅलरीत गेली, आणि दुपट्यांच्या मागून तिच्या हाती सासूच्या जुन्या साडीच्या जाड शिवलेल्या घड्या आल्या. तान्ह्या बाळाला एवढ्या मोठ्या घड्या कशाला लागतील?

"आई, हे… तुमचं?"

ते हिसकावून घ्यायला प्रेमलाबाई धावल्या, आणि मध्येच थबकल्या. पायाखालची फरशी ओली झाली होती.

"कळलं ना आता?" त्यांनी पदरानं तोंड झाकलं. "वास येतो गं माझ्या अंगाला… अशा मांडीवर माझी लक्ष्मी कशी घेऊ मी?"

गीतांजलीच्या हातून कपडे गळून पडले. तिनं सासूला घट्ट मिठी मारली. "मी काय काय बोलले तुमाला, आई! आणि तुमी सगळं ऐकून घेतलंत!…"

बॅग तशीच राहिली. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून घेतली, पोट तपासलं, सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "मूत्राशय उतावळं झालंय, भरायच्या आधीच घाई करतं. गोळ्या देते."

"याला… औषध असतं?"

प्रेमलाबाईंनी हे असं काही विचारलं, की डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "असतं हो, काकू. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, तर मला येऊन सांगा. पण मनानं गोळी चुकवू नका."

"आणि मी बावळट रोज तुझ्या धडधाकट गुडघ्यांना तेल चोळत होतो!" घरी मधुकरराव बायकोवर रागावले, आणि रागावता रागावता त्यांचेच डोळे भरून आले.

गोळ्यांनी हळूहळू गुण आला. घसा सुकायचा, कधीमधी साडीही बदलावी लागायची, पण प्रेमलाबाई पुन्हा देवापुढे बसू लागल्या. हात जोडले की देवाच्या आधी त्यांना सून दिसायची! प्राची तर आता त्यांच्या मांडीवरच झोपायची.

संक्रांतीनंतर बोरन्हाण ठरलं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून प्राची पाटावर बसलेल्या आजीच्या मांडीवर बसली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, लिमलेटच्या गोळ्या ओतल्या गेल्या. "काकू, गाणं!" बायकांनी गलका केला, आणि प्रेमलाबाईंनी खणखणीत आवाजात गाणं म्हटलं. गाताना घसा सुकू नये म्हणून त्यांनी सकाळची गोळी मुद्दाम घेतली नव्हती… नातीनं जोरात शिंक दिली, सगळ्या हसल्या, त्याही पोट धरून हसल्या, आणि दुसऱ्याच क्षणी पांढऱ्याफटक पडल्या.

गीतांजलीनं त्यांचा चेहरा पाहिला.

"अगं बाई! प्राचीनंच आजीला न्हाऊ घातलं की!" ती मोठ्यानं ओरडली आणि तिनं बाळाला झटकन दुपट्यात गुंडाळून उचललं. "चला आई, साडी बदला."

बायकांत हशा पिकला. आत येऊन गीतांजलीनं दार लोटलं आणि पाण्याचा पेला नि सकाळची राहिलेली गोळी पुढे केली. प्रेमलाबाईंनी नातीचा लंगोट चाचपला. तो कोरडा ठणठणीत होता.

"लेकरावर आळ घेतलास गं…"

"मी तुमच्यावर घेतला, तो तुमी इतके दिवस सोसलात ना, आई? माझ्या लेकीनं एक दिवस सोसला तर काय झिजणारे ती?"

प्रेमलाबाईंनी गोळी घेतली, डोळे पुसले, साडी बदलली, आणि बाहेर येऊन पुन्हा पाटावर बसत सुनेपुढे दोन्ही हात पसरले. "दे तिला."