लिफ्टवरची इंग्रजी चिठ्ठी

“बघ, परत घसरली!” बटाट्या कुजबुजला.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली सामानाची लिफ्ट थांबली खरी, पण थांबल्यावरही हळूहळू वीतभर खाली आली. सुट्टीत आत्याचा डबा घेऊन आलेली ताई, चष्मिस आणि बटाट्या ही तिघं भावंडं जागीच थिजली.

“काका, लिफ्ट घसरतेय!” ताई सुपरवायझरकाकांकडे धावली.

“उगाच घाबरवू नका! कालच मेकॅनिक तपासून गेलाय. ही त्याची चिठ्ठी, दारावर मीच डकवलीय. ‘ब्रेक हार्डली होल्ड्स.’ हार्ड म्हणजे घट्ट. ब्रेक घट्ट धरतो!”

चष्मिसनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. “नाही हो काका! हार्डली म्हणजे जेमतेम! जवळजवळ नाहीच! मी पेपरात ‘आय स्टडीड हार्डली’ लिहिलं, तर बाई म्हणाल्या, अभ्यास केलाच नाहीस हे तूच कबूल केलंस! ‘खूप’साठी नुसतं हार्ड!”

“मला इंग्रजी शिकवतेस?” काका खेकसले.

तेवढ्यात आत्या कागदाच्या गठ्ठ्यांची ढकलगाडी घेऊन लिफ्टमध्ये शिरली!

“आत्या, बाहेर ये!” यंत्रांच्या घरघरीत हाक विरून गेली. काकांचा हात बटणाकडे गेला.

ताई दाराकडे झेपावली. दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, हे तिनं मघाशीच पाहिलं होतं. तिनं पायातली चप्पल काढली आणि जाळीच्या सरकत्या दारात कोंबली.

काकांनी बटण दाबलं. लिफ्ट हलेना!

“काय चावटपणा हा!” आत्या वैतागून बाहेर आली. बटाट्यानं तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली. “नाही सोडणार! मुळीच नाही सोडणार!” तो हुंदके देत होता.

“आता बघाच!” काकांनी चप्पल भिरकावली, दार ओढलं आणि नुसते गठ्ठे वर पाठवले.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. एक क्षण काहीच झालं नाही. मग कर्रर्र... धडाड्!

जमीन हादरली. धुरळा खाली बसला तेव्हा ढकलगाडीचा पार चेंदामेंदा झालेला दिसला.

काका मटकन खाली बसले. “पोरी, तू सांगत होतीस गं... मी ऐकलं नाही.”

मालकीणबाई धावत आल्या. सगळं कळल्यावर त्यांनी चष्मिसच्या खांद्यावर हात ठेवला. “आज तुम्ही तिघांनी एक जीव वाचवलात!”

 आत्यानं तिघांना कवेत ओढलं.