कढई चढेपर्यंत

ब्युरेट फुटली जयमालाच्या हातून आणि पुढं आला कानिफनाथ. "सर, माझा धक्का लागला," असं तो इतक्या शांतपणे म्हणाला, की खुद्द जयमालालाही क्षणभर ते खरंच वाटलं. सरांनी त्याला सगळ्या लॅबसमोर झापलं आणि वर शिक्षा म्हणून टर्म संपेपर्यंत त्या दोघांना एकाच टेबलावर टाकलं. आता याला शिक्षा म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

"खोटं कशाला बोललास?" नळाखाली फ्लास्क धरत जयमालानं विचारलं.

"तुझे डोळे भरले होते."

"ते ॲसिडच्या वाफेनं!"

"हो का? बरं... मग पुढच्या वेळी वाफेचंच नाव सांगतो."

तिला हसू आलं, पण ते तिनं फ्लास्कमध्येच विसळून टाकलं.

साल होतं शहाण्णव. नगरची थंडी, टी.वाय.बी.एस्सी.ची शेवटची टर्म, आणि प्रॅक्टिकल, जर्नल, स्नेहसंमेलन यांनी नुसता उच्छाद मांडलेला. जयमाला शहरातलीच. वडील भीमराज एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक, घर बौद्ध, दर पौर्णिमेला न चुकता विहारात वंदना. वादविवादात उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद. त्याच जानेवारीत अंधश्रद्धेवर बोलून तिनं ढाल जिंकली होती, आणि शेवटच्या रांगेतून सगळ्यात जास्त टाळ्या वाजवणारा कानिफच होता. कानिफ पाथर्डीकडचा. त्याच्या गावात नाथांची समाधी, गावातल्या निम्म्या पोरांची नावं नाथांचीच. वसतिगृहात राहायचा, बोलायचा कमी, आणि बोलला की गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं.

ब्युरेटच्या काचेच्या नळीतलं द्रावण कुठवर आलं ते पाहायला डोळा पातळीला न्यावा लागतो. दोघं एकदम वाकायचे. तिची वेणी त्याच्या मनगटावर पडायची. तो हात काढायचा नाही... आणि ती वेणी मागं टाकायची नाही. रीडिंग मात्र दरवेळी चुकायचं.

एकदा तो गावाहून खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आला. जयमालानं हात मागं घेतला. "राग मानू नकोस, पण आमच्या घरी प्रसाद चालत नाही."

"बरं," म्हणत त्यानं पुडी खिशात ठेवली आणि दुसऱ्या खिशातून पेरू काढला. "हा झाडाचा. याला कुणी हात जोडले नाहीत. चालेल?"

का म्हणून विचारलं नाही, की तोंड वाकडं केलं नाही. त्या दिवशी घरी जाताना जयमालाला स्वच्छ कळलं, की आपण याच्यावर भाळलोय. मैत्रीण वृषालीला तर ते आधीच कळलं होतं. "पेरूच्या बिया अजून दातात आहेत तुझ्या," ती चिडवायची.

फेब्रुवारी लागला आणि कानिफनं दाढी वाढवली. "देवदास झालास की काय?" वृषालीनं विचारलं. तो नुसताच हसला.

जर्नल जमा करायच्या दिवशी जयमालाच्या आईनं, भागिरथीबाईंनी, पहाटे उठून अख्ख्या टोळीसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. "त्या पेरूवाल्याला दोन जास्त दे," असंही त्या म्हणाल्या. आयांना काय काय कळतं, विचारू नका. कडुनिंबाखाली डबा उघडला, सगळे तुटून पडले. जयमालानं स्वतःच्या हातानं कानिफपुढं पुरी धरली.

त्यानं पुरीकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "नको... पोट बिघडलंय."

"अरे, एक तरी!"

"खरंच नको गं."

ठीक. माणसाचं पोट बिघडू शकतं. पण अर्ध्या तासानं जयमाला चहाला कँटीनमागं गेली, तर हे महाशय वसतिगृहातल्या मच्छिंद्रच्या डब्यातली बाजरीची भाकरी ठेच्याशी हाणत बसलेले! तिला पाहून त्याचा घास हातातच राहिला.

जयमाला चहा न घेताच मागं वळली. तिच्या आजीला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, ते आजीनं शंभरदा सांगितलं होतं. ते दिवस गेले असं तिला वाटत होतं, निदान या मुलापुरते तरी. ब्युरेटला हात चालतो, वेणी चालते, पण घरची पुरी चालत नाही? तिचं काळीज करपलं. रात्री तिनं आईला सांगितलं तेव्हा भागिरथीबाईंचा चेहरा उतरला आणि मग कठीण झाला. "पुन्हा त्याचं नाव या घरात काढायचं नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जयमालानं सरांना सांगून टेबल बदललं. कानिफ दोनदा बोलायला आला. "जयमाला, ऐक तरी... ते तसं नाही..."

"मग कसं आहे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल, नजर बुटांवर. तिच्या दृष्टीनं तेच उत्तर होतं. परीक्षा तोंडावर, आणि हिच्या डोळ्यांपुढं अक्षरं पोहायला लागली. तो आवडतो हे खोटं नव्हतं, पण आईच्या हातचं नाकारणाऱ्यावर जीव टाकायचा, तर आरशात कुठल्या तोंडानं बघायचं? त्यापेक्षा एकटं राहिलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं. ठरवलं आणि उशीत डोकं खुपसून मनसोक्त रडली.

पुढच्या आठवड्यात ती वडिलांचा डबा घेऊन एस.टी. स्टँडवर गेली होती. बाकावर एक नऊवारीतली बाई चक्कर आल्यासारखी बसलेली. डोळ्याला हिरवी पट्टी, दवाखान्यातून आलेली. जयमालानं पटकन फुलपात्रात पाणी ओतून दिलं. बाईनं तोंड लावून घटाघटा प्यायलं. एवढ्यात वडेवाला आला.

"मावशी, काही खाल्लंय का? वडा घेऊ?" जयमालानं विचारलं.

"नगं बाई! नाथाच्या समाधीला तेल लागलंय न्हवं का. जत्रा होवस्तोर आमच्या गावात कढई चढत न्हाई. तळलेलं खायाचं न्हाई, बाप्यांनी दाढी करायची न्हाई, खाटंवर निजायचं न्हाई." बाई हसली. "माजं पोरगं हितं वसतिगृहात भुईवर निजतंय बघ. पोरं हसत्यात म्हनं त्याला. पर मला शब्द दिलाय त्यानं."

जयमालाच्या हातातला डबा घसरता घसरता वाचला. "मावशी... तुमच्या मुलाचं नाव?"

"कानिफनाथ. रिक्षा बघाय गेलाय. तुजं काय नाव, बाई?"

"जयमाला. भीमराजांची."

कानिफची आई, रतनबाई, एका डोळ्यानं तिला आपादमस्तक न्याहाळत राहिल्या. "म्हंजी ती विहारात जाती ती? लई भारी भाषान देती ती? अगं, ह्यो गावाला आला की तुजंच पुरान लावतोय!" आणि त्यांनी फुलपात्र पुन्हा पुढं केलं. "आन, आनिक पानी दे. ग्वाड लागलं."

जयमालानं पाणी ओतलं. निम्मं सांडलं, कारण समोर कानिफ येऊन उभा होता, दाढीसकट.

रतनबाईंना रिक्षात बसवून दोघं जरा बाजूला गेले. जयमालाच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात आग.

"मूर्खा! एवढंच सांगायचं होतं ना? पोट बिघडलं म्हणे!"

"अंधश्रद्धेवर तुझं भाषण ऐकलं होतं मी. टाळ्या पण वाजवल्या होत्या. त्यानंतर नाथाला तेल लागलंय म्हणून पुरी खात नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं... हसशील."

"आणि मला काय वाटलं असेल? आईला काय वाटलं असेल?"

त्याला आधी उमगलंच नाही. मग उमगलं, आणि चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "जयमाला... देवाशपथ... नाही, तुला देव चालत नाही... तुझी शपथ. ते माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मी फक्त तुला भीत होतो."

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "मला तुझं व्रत पटत नाही," ती म्हणाली. "पण तू माझ्या नकाराला कधी कारण विचारलं नाहीस. मीही हसले नसते रे."

"आता काय करू?"

"माझी समजूत पटली. आईची तुझी तू काढ."

रंगपंचमीला जत्रा झाली, दुसऱ्या दिवशी गावात कढया चढल्या. त्या दिवशी घरोघरी पहिलं तळण आईच्या हातचं खायची रीत. कानिफ मात्र सकाळीच पहिल्या गाडीनं नगरला, उपाशीपोटी, गुळगुळीत दाढी करून जयमालाच्या दारात हजर.

भागिरथीबाई दार अडवून उभ्या. लेकीनं सगळं सांगितलं होतं, पण त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"जयभीम, काकू," तो म्हणाला. "त्या दिवशी मी खोटं बोललो. खरं सांगायची हिंमत नव्हती. आमच्याकडं आज कढई चढली. आईला म्हटलं, पहिला घास मला नगरला खायचाय. ती म्हणाली, जा, आन पोटभर खा. काकू... पुऱ्या कराल?"

भागिरथीबाई दारातून बाजूला झाल्या. मग आत गेल्या, आणि स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

पहिली पुरी टम्म फुगून ताटात आली. त्यानं ती तशीच तोंडात कोंबली, जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबला नाही. जयमाला तोंडाला ओढणी लावून हसत होती.

"ही वाफेची करामत का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "हे खरंच." त्यानं खिशातून पुडी काढली. "रेवड्या. जत्रेतल्या, पण दुकानातनं थेट आणल्यात. देवळाची पायरीसुद्धा चढू दिली नाही त्यांना. चालेल?"

तिनं एक रेवडी उचलली. "चालेल."

"आणि... परीक्षा झाली की आईला घेऊन येईन. तुझ्या बाबांना विचारायला."

"काय विचारायला?"

"पुऱ्यांची कृती."

"कानिफ!"

"तुला आवडतो का मी, ते आधी तू सांग. मग त्यांना विचारतो."

"आवडतोस," जयमाला स्पष्ट म्हणाली, सभेत बोलावं तशी. "ब्युरेट फुटली त्या दिवसापासून."

स्वयंपाकघरात झारा थांबला. भागिरथीबाई पुऱ्यांची परात घेऊन बाहेर आल्या, कानिफच्या ताटात एकामागून एक पुऱ्या टाकत राहिल्या, आणि लेकीकडं बघून म्हणाल्या,

"याला म्हणावं, दरवर्षी तेल लागायच्या आदल्या दिवशी इथं येऊन पोटभर खाऊन जायचं. बायकोला घेऊन."