यादीतलं दुसरं नाव

"बाबा मागच्या उन्हाळ्यात गेले," तेजस्विनी आहेर म्हणाली, "आणि कारखान्यात अजून सगळ्यांना चहा विचारतात."

गेणूमामांनी हातातला कप हळूच खाली ठेवला. पतसंस्थेत कॅशियर म्हणून हयात काढलेला माणूस. समोर येईल त्याची जमा-नावे मनात मांडायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. भाची दिशा गांगुर्डे हिने कॉलेज रोडला खाजगी तपासाचं ऑफिस थाटलं, तेव्हा मामा नुसते बसायला म्हणून आले आणि बसूनच राहिले.

हकीकत अशी. अंबडला आहेरांचा सुट्या भागांचा कारखाना. ललित आहेर केबिनमध्ये, कंप्युटरसमोर बसल्याबसल्या गेले. त्या कंप्युटरवर सगळे नकाशे असायचे. ते उघडण्याआधी ललितशेठनी लिहिलेलं पान यायचं : 'या. चहा झाला का? मग लागा कामाला. — ललित.' तो कंप्युटर काढला, नवा सर्व्हर आला, नव्या मापांचे नकाशे आले. तरी ते पान मधूनच उगवायचं, जुने नकाशे पाठीशी घेऊन. एक अख्खा लॉट जुन्या मापाने कापला गेला आणि गिऱ्हाइकाने परत पाठवला.

"शनिवारी पुढचा लॉट द्यायचाय. चुकला तर गिऱ्हाईक गेलं, कारखाना गेला. कामगार म्हणतात, त्र्यंबकला नारायण नागबळी करा, मगच मशीनला हात लावू. शेखरकाका म्हणतात, विकून टाक."

"तुझ्या कंप्युटरवर येतं पान?" दिशाने विचारलं.

"कधीच नाही. मी 'नकाशे' हे नाव टाकत नाही, सर्व्हरचे आकडेच टाकते. बाबांनी लावलेली सवय."

"म्हणजे सगळ्यांना भेटतात, लेकीलाच तेवढे नाही," मामा बोलून गेले.

"तेच खुपतं," तेजस्विनी म्हणाली.

कारखान्यात शिरताच डाव्या हाताला गणपती, आणि त्याच्या शेजारी लाकडी ओट्यावर ललितशेठचा फोटो. ओट्याला जमिनीपर्यंत मखमल, फोटोपुढे इवलासा बल्ब. थंडी चांगलीच पडली होती. ओट्यावर एक करडी मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. येणारेजाणारे कामगार तिच्याकडे न बघता पुढे सरकत.

"सायबांचा फोटो मांडला तवापासून ती हितंच हाय," पुंजा म्हणाला. हा जुना फोरमन, नामपूरकडचा. "आधी कदी आत येत नव्हती."

"आणि साहेब? ते कधी येतात?"

"लाइट जाऊन परत आली का. फ्लोअरचा कंप्युटर लावला, नकाशे मागितले, का सायेब हजर." त्याने आवाज खाली आणला. "लाइट गेली तरी त्यांचा दिवा जात नाय, ताई. म्हंजे, देवाची लाइन इन्व्हर्टरवर हाय. पन तरी."

"जुना कंप्युटर कुठे गेला?"

"भंगारात म्हनत्यात. मी गावाला व्हतो."

मामांनी पुंजाच्या नावावर भीती लिहिली, आणि खरेपणा जमेला धरला.

कंप्युटरचं काम बघणारा सुनील सर्व्हरपाशी अंग चोरून उभा होता. गडबड झाली की पहिलं बोट आपल्याकडे वळणार, हे त्याला पक्कं ठाऊक.

"मॅडम, कंप्युटरला नाव कळत नाही, आकडा कळतो. 'नकाशे' म्हटलं की ते कुठल्या आकड्यावर आहेत हे सांगणारा कोणीतरी लागतो. कोणाला विचारायचं, त्याची यादी मी सर्व्हरवर लावलीय. तीच फ्लोअरवर सगळीकडे जाऊन बसते. आधी नवा सर्व्हर. तो बोलला नाही, तर दुसरं नाव."

"दुसरं कोणाचं?"

सुनील घुटमळला. "ललितशेठच्या जुन्या कंप्युटरचं. तोही हेच काम करायचा. मी काढणारच होतो. शेखरशेठ म्हणाले, राहू दे रे दादाचं नाव, लग्नपत्रिकेत आजोबांचं राहतंच की. म्हटलं, मशीनच नाही तर उत्तर कोण देणार? ठेवलं."

मामांना हे फारच पटलं. पुतण्याच्या पत्रिकेत त्यांच्या वडिलांचं नाव, मागे कै. लावून, सगळ्यात वर होतं आणि त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

"लाइट आल्यावर नवा सर्व्हर किती वेळात उठतो?"

"सावकाश. फ्लोअरचे कंप्युटर पटकन उठतात. याला डोळे उघडायलाच वेळ लागतो."

शेखर आहेर केबिनमध्ये भेटले. कडक इस्त्री, मंद अत्तर.

"तो डबा मी स्वतः भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला. तेजूला बघवत नव्हतं ना. बाहेरचा ओटाही मीच करून घेतला. भावासाठी एवढं तर करायचं."

"आणि ते मांजर?" मामांनी दबकत विचारलं. "काही शकुन वगैरे?"

"शकुन कसला? ऊब मिळते तिला तिथे. थंडीत जनावर दुसरं काय शोधणार?" शेखर हसत उठले. "बसा, चहाचं सांगून येतो."

इतक्या जणांत एक तरी शहाणा निघाला, म्हणून मामांनी त्यांना घसघशीत जमा दिली.

तेवढ्यात लाइट गेली. पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी तिन्हीसांज झाली. यंत्रं धापा टाकत थांबली. शेजारच्या कारखान्यातली प्रेस मात्र धप्, धप् चालूच होती. फोटोपुढचा बल्ब जळत होता आणि त्याच्यामागे मांजरीचे दोन डोळे. दिशा केबिनबाहेर जाऊन सुनीलच्या कानाशी काहीतरी बोलली.

लाइट आली. जिन्याखालून हात पुसत शेखर आले. "बोर्डाचं काही खरं नाही."

पुंजाने फ्लोअरच्या कंप्युटरवर नकाशे मागितले. पडदा उजळला.

'या. चहा झाला का?'

कामगार मागे सरकले. पुंजाने हात जोडले.

"सगळे जवळ या," दिशा म्हणाली. "आणि शेखरशेठ, तुम्ही पुढे. बोर्डाची लाइट गेली असती तर शेजारची प्रेस कशी चालली असती? लाइट फक्त आपलीच गेली. मेन स्विच जिन्याखाली आहे, आणि तुम्ही जिन्याखालून आलात."

"चहा सांगायला गेलो होतो."

"चहा अजून आला नाही. ते जाऊ दे. यादीतलं पहिलं नाव झोपलेलं असलं की दुसऱ्याला विचारलं जातं. लाइट आली की नवा सर्व्हर झोपलेलाच असतो. आज तर मी सुनीलला तो बंदच ठेवायला सांगितलाय. म्हणजे आत्ता उत्तर दिलं ते दुसऱ्याने, आणि स्वतःचाच आकडा सांगून. भंगारात गेलेलं मशीन उत्तर देत नाही. मग ते इथेच आहे, चालू आहे, आणि लाइट जाते तेव्हाही चालू राहतं. अशी लाइन इथे एकच आहे."

पुंजाचे डोळे फोटोकडे वळले.

"एवढ्याशा बल्बने ओटा गरम होत नाही. मांजर तिथे का बसते, हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे घाबरत होते. ऊब आहे, हे फक्त तुम्हाला माहीत होतं, शेखरशेठ. ओटा तुमचा, यादीत नाव ठेवायचा आग्रह तुमचा, टेम्पोची गोष्टही तुमचीच."

तिने मखमल उचलली. मांजर नाराजीने खाली उतरली. ओट्याच्या पोटात एक जुनाट काळा डबा घुमत होता आणि त्याचा हिरवा दिवा मिचमिचत होता.



"पहिल्यांदा खरंच लाइट गेली होती," शेखर त्या दिव्याकडे बघत म्हणाले. "मशीन अजून केबिनमध्येच होतं. पान आलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. म्हटलं, हे घाबरले तर तेजू विकेल, मला माझा वाटा घेऊन सुटता येईल." मग हळू आवाजात, "दादा सगळ्यांना चहा विचारायचा. मला फक्त काम विचारायचा."

"काका, वाटा मागायचा होता," तेजस्विनी म्हणाली. "मी दिला असता. बाबांना कशाला उभं केलंत?"

शेखर दाराकडे चालू लागले. कोणी अडवलं नाही.

सुनील बंद सर्व्हरकडे वळला. "याला उठवून यादीतली दुसरी ओळ काढू?"

"थांब." तेजस्विनी फ्लोअरच्या कंप्युटरपाशी गेली. आकडे टाकायची सवय असलेली बोटं क्षणभर अडखळली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा नाव टाकलं.

'या. चहा झाला का? मग लागा कामाला.'

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. "झाला, बाबा," म्हणाली, आणि ओट्यापाशी वाकून तिने स्वतःच्या हाताने वायर उपटली. डब्याची घुमघुम ओसरत गेली आणि थांबली.

शेडमध्ये कोणी हलेना. शनिवारचा लॉट तसाच पडून होता. पुंजाने टोपी नीट केली, घसा खाकरला.

"चहा झाला का रे सगळ्यांचा?" तो म्हणाला. "मंग लागा कामाला."

सुनीलने नवा सर्व्हर उठवला, त्यावरून नवा नकाशा उघडला, आणि कोपऱ्यातलं पहिलं मशीन फिरू लागलं.

निघताना मामांनी मागे वळून पाहिलं. ओटा गार पडला होता. मांजर परत वर चढली, तिने फळी हुंगली, फोटोकडे एकदा मान वर केली आणि पूर्वीच्याच जागी मुटकुळं करून बसली.

"दिशा," मामा म्हणाले, "आता तर ऊब नाही. मग ती का बसली?"

दिशाने गाडी सुरू केली.

मांजर कुठल्या बाजूला लिहायची, हे मामांना पाथर्डी फाट्यापर्यंत सुचलं नाही.