शेंदूर नाही, दगडफूल

आकाश हे लिहिणारच नव्हता. तीनदा मोबाइलवर टाईप केलं, तीनदा पुसलं. एकदा अर्धं लिहून झालं आणि बॅटरी गेली, तर त्याला उलट बरंच वाटलं. पण डोक्यातून जाईना, म्हणून चौथ्यांदा बसला.

तो गुलमंडीजवळ एका मसाल्याच्या दुकानात कामाला. दगडफूल निवडायचं, काड्याकचरा काढायचा. दोन हजार बारा साली एका पोत्यात नखाएवढा नारंगी पापुद्रा निघाला, कडेला पानासारखा कातरलेला. सेठ म्हणाले, फेक. यानं खिशात टाकला. तिथून नाद लागला. कॉलेज नाही, सर नाहीत. एक मोबाइल, जुन्या बाजारातलं भिंग, आणि नेटवर ओळख झालेल्या पुण्याच्या मीनाक्षी मॅडम. त्या दगडफुलावरच शिकलेल्या, आणि कुठल्याही फोटोवर त्यांचं एकच उत्तर: "खालची बाजू दाखव."

हे नारंगी दगडफूल ओळखायची रीत तशी सोपी. नारंगी पानाच्या कडेखाली चाकूचं टोक गेलं पाहिजे. खालून पांढरं पाहिजे. वर बारीक बारीक वाट्या. शेवटी कास्टिक सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. खरं असेल तर रक्तासारखं लाल होतं. शेंदूर होत नाही.

आणि सगळा वैताग त्या शेंदराचाच होता. आपल्याकडं नारंगी दगड दिसला की माणूस आधी चप्पल काढतो. लोकांनी आकाशला दोन वर्षांत सत्तर फोटो पाठवले. एकसष्ट शेंदूर. सहा रंगवलेले मैलाचे दगड. तीन चक्क पानाच्या पिचकाऱ्या. "भाऊ, हे तुमचं ते असंल का?" अरे, भिंतीवर थुंकलंय कुणीतरी!

सोळा सालचा मार्च. तिसरं कोरडं साल. भर दुपारी पुंडलिकचा फोन आला, शाळेपासूनचा दोस्त. तो जेसीबी चालवायचा, नोकरी दुसऱ्याच महिन्यातली. सावंगीच्या पुढं, फुलंब्री रोडला एक टेकडी सपाट करून तिथं प्लॉट पाडायचे होते.

"आक्या, हितं यी. एक दगड हाये, नारंगी. मुकादम म्हनतो उचल, म्हातारी म्हनती उचलू नको. शेंदूर असला तर मी हात लावत नाय. तुझं ते दगडफूल असलं तर उचलतो."

"माझ्यावर कशाला ढकलतो?"

"तुलाच कळतं ना? मंग? आज उचलला नाय तर उद्या दुसरा डायवर आनतेत."

टेकडीवर गवताची काडी नव्हती. काळा खडक तव्यासारखा तापलेला. मधोमध कमरेएवढा दगड, आणि दगडावर ते. भिंग न लावताच आकाशला कळलं. वीतभर पसरलेलं, पान न् पान सुटं, कडा वर वळलेल्या. असलं त्यानं फक्त फोटोत पाहिलं होतं. असल्या कोरड्यात ते जगायलाच नको होतं.

मुकादम सांडू घड्याळ बघत उभा होता. शेजारी शेळ्यावाली गोजरबाई बसली होती.

"आजी, शेंदूर कोन लावतं याला?" आकाशनं विचारलं.

"कुनीच नाय. तसाच येतो."

"झालं तर! कुनी लावत नाय म्हंजी शेंदूर नाय."

"मंग काय हाये?"

"दगडफूल. मसाल्यात टाकता ना, त्याचंच भावंड."

"व्हय का." म्हातारीनं शेळीच्या कानातली गोचीड काढली. "मंग दगडावर हाये तवर दगडावरच ऱ्हाऊ द्या की."

आकाशला हसू आलं, रागही आला. त्यानं चाकू घातला. पापुद्रा अलगद सुटला, खालून पांढरा. थेंब टाकला. लाल झाला, असा लाल की सांडू मागं सरकला.

"बघ! शेंदूर होतो का असा? उचल बिनधास्त."

"नक्की?" पुंडलिकनं विचारलं. "तुमच्या घरात दगडाला हात जोडत नाय. मला घरी आईला तोंड दावायचंय."

"शंभर टक्के. बोललो ना!"

पुंडलिकनं उचलला. दगड मुळापासून निघाला आणि बकेटीत आडवा झाला. जमिनीतली बाजू वर आली.

तीही नारंगी होती.

आकाश चिडलाच. हा रंग उन्हानं येतो. सावलीत हे दगडफूल करडं-हिरवं पडतं, आणि मातीखाली तर ते मरायलाच पाहिजे. हे ओलं होतं, टवटवीत. त्यानं मॅडमना फोटो पाठवला. या वेळी तर न मागता खालची बाजू.

उत्तर आलं: "रंग वाढवून फोटो पाठवत जाऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी पुंडलिकचा फोन. "बकेटीच्या दातावर आलंय."

"रंग उडाला असंल. जेसीबी पिवळीच असती, येड्या."

"तू यी."

आकाश सेठच्या शिव्या खाऊन गेला. दातावर रुपयाएवढं पान. हे वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतं. रुपया व्हायला दहा साल लागतात, आणि ही जेसीबी दोन वर्षांची. चाकू घातला. सुटलं. खालून पांढरं. थेंब टाकला. लाल.

लोखंडावर.

"धुऊन टाक," तो म्हणाला.

"कशानं? टँकर चार दिवसांनी येतो."

पाचव्या दिवशी ते लिव्हरच्या मुठीवर होतं. नंतर स्टेअरिंगवर, जिथं पुंडलिकचा डावा हात असायचा, बरोबर तिथंच. आकाशनं खरवडून बाटलीत भरलं, तारीख टाकली, मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. आपण उगाच डोक्याला ताप करून घेतोय, असं स्वतःलाच चार वेळा बजावून तो झोपला.

नवव्या दिवशी पुंडलिक कामावर आला नाही. फोनही बंद.

आकाश हर्सूलला त्याच्या घरी गेला. सकाळचे दहा. पुंडलिक अंगणात खाटेवर बसला होता, तोंड उन्हाकडं, पूर्ण बाह्यांचा शर्ट. फरशीवर खाटेच्या पायांचे ओरखडे होते, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत.

"काय रे, उन्हात?"

"सावलीत करमत नाय."

त्यानं डावी बाही वर केली.

आकाशनं भिंग काढलं. सवयीनं. मग परत ठेवलं. गरजच नव्हती. कडा वर वळलेल्या, मधे बारीक वाट्या.

"दुखतं का?"

"नाय."

"पुंडलिक, मीच म्हनालो होतो उचल."

"ते ऱ्हाऊ दे. एक काम कर." त्याचा आवाज खाली गेला. "आई इचारील. तू शेंदूर सांग. शेंदूर निघतो."

चहा घेऊन कडूबाई आली, पुंडलिकची आई. डोळे सुजलेले.

"आकाश, तुला कळतं म्हनं यातलं. काय हाये रं बाबा हे?"

चार वर्षं तो सगळ्या गावाशी याच एका शब्दावरून भांडत आला होता.

"शेंदूर हाये, काकू."

"खरं?"

"शंभर टक्के."

कडूबाईचा चेहरा सैल झाला. तिनं पोराच्या मनगटावर बोट फिरवलं, सावकाश, आणि आपण देवाच्या दगडाचं लावतो तसं स्वतःच्या कपाळाला लावलं.

आकाश उठायला लागला. काकू, पुसा ते. शब्द ओठांवर आले होते.

पुंडलिकनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. त्या तळपत्या उन्हातही हात गार होता.

"समद्यांना असंच सांगशील ना?"

"सांगीन," आकाश म्हणाला. "कुनीबी इचारलं तरी शेंदूरच सांगीन."