जीपच्या मागचा आवाज

विश्वास ठेवा नाहीतर हसा, पण हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय. गेला वैशाख, तिसगाव, दिवेलागणीची वेळ.

कल्याणमामा गाड्यांचं वायरिंग करतात. त्या दिवशी अंगाचं पार चिपाड झालं होतं. तरी गावातल्या आबासाहेबांची जुनी जीप हातावेगळी करणं भागच होतं.

ब्रेक दाबला की तिची मागची लाईट उशिरा लागायची. त्यापायीच दोन वर्षांपूर्वी करंजी घाटात आसाराम मोटरसायकलसकट जीपवर मागून आदळला आणि गेला. तेव्हापासून जीप उभीच होती.

आसाराम मामांचा जोडीदार. मामा ब्रेक दाबायचे, तो मागं उभा राहून ओरडायचा, "लागली, गड्या!"

उद्या त्याच घाटातून वऱ्हाड निघणार होतं. पुढं जीप, आणि मागं मोटरसायकलवर आसारामचाच पोरगा, रविराज.

मामांनी नवा स्विच बसवला. ब्रेक दाबला.

"लागली का?"

मागून आवाज आला... "लागली. पन उशिरा."

आबासाहेब असतील. मामांनी स्विच जरा सरकवला.

"आता?"

"अजून थोडा... गड्या."

आबासाहेब कधी 'गड्या' म्हणत नसत. पण दमलेला माणूस, डोकं किती चालवणार? मामांनी परत सरकवला.

"आता बरूबर."

एवढ्यात समोरून आबासाहेब चहाचे ग्लास घेऊन आले. "झालं का रं? टपरीवर लई गर्दी हुती बघ."

मामा उठून मागं गेले.

कुणीच नाही.

आणि ब्रेकवर कुणाचा पाय नसताना लाईट लालभडक पेटलेली...

मग विझली.

"आबासाहेब, उद्या ही गाडी नका काढू."

"खुळा का काय तू? वऱ्हाड काय पाठीवर न्यू?"

दुसऱ्या दिवशी घाटातल्या एका वळणावर टेम्पो आडवा आला. जीप करकचून थांबली. रविराज वीतभर मागं थांबला. वाचला!

मांडवात तो मामांना म्हणाला, "काका, वळनाआधीच जीपची लाईट लागली, म्हनून मी गाडी हळू केली."

आबासाहेबांचा घास हातातच राहिला. "वळनाआधी? आरं, टेम्पो दिसल्यावर मी ब्रेक मारला..."



आजही एकटे असले की मामा दुरुस्तीला आलेल्या कुठल्याच गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवत नाहीत.

"मामा, तो आवाज येईल म्हणून भीती वाटते का?" मी एकदा विचारलं.

त्यांनी फडक्याला हात पुसले.

"आला तर भ्या वाटंल. पन न्हाई आला... तर लई वाईट वाटंल रं."