उजवा पाय

ती राखाडी गाडी तिसऱ्यांदा दारात उभी राहिली, तेव्हा ज्योतीरामनं हातातला चहा तसाच बाकावर ठेवला.

भोसरी एमआयडीसीत त्याचं गॅरेज होतं. एका अंगाला लेथचा कारखाना, दुसऱ्या अंगाला पॉवर प्रेस. दिवसभर पायाखालची फरशी हादरायची. त्या दणदणाटातही कुठल्या इंजिनाचा ठोका चुकतोय, हे त्याला नुसतं ऐकून कळायचं. औशाहून येऊन त्याला वीस वर्षं झाली होती. केलेलं काम परत आलं, असं क्वचितच व्हायचं. तिसऱ्यांदा तर कधीच नाही.

"आज मोशीच्या चौकात बंदच पडली," चित्रा मॅडम उतरता उतरता म्हणाल्या. "मागे कंटेनर होता. अगदी टेकता टेकता थांबला."

त्या आकुर्डीला राहायच्या आणि राजगुरुनगरच्या कॉलेजात शिकवायच्या. रोजचा रस्ता चाकणवरून, ट्रक-कंटेनरच्या गर्दीतून.

"आज सोडतच नाही हिला," ज्योतीराम म्हणाला. "तुम्ही बसा मॅडम. लेक्चर बुडालं तर बुडू द्या."

सोळा वर्षांची जुनी इंजेक्शनवाली गाडी. चालताना मक्खन. उभी राहिली, की इंजिन अडखळायचं. पहिल्या खेपेला त्यानं प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी धुतली. दुसऱ्या खेपेला कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले, पेट्रोलचं प्रेशर मोजलं, कॉम्प्रेशन मोजलं. सगळं नव्या गाडीसारखं. स्कॅनर लावला तर एक फॉल्ट दाखवेल तर शपथ. तीन आठवडे तो जेवताना, झोपताना या गाडीचाच विचार करत होता. बायकोवर एकदोनदा उगीच खेकसला होता.

त्यानं गाडी आत घेतली, न्यूट्रलला ठेवली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरला. पाचदहा सेकंद ठीक गेले. मग थरथर. दोनदा हलकी, एकदा जोरात. थोडा दम. पुन्हा दोनदा हलकी, एकदा जोरात.

ज्योतीरामच्या कपाळाला आठी पडली. बिघाडाला असा ताल नसतो.

इंजिनावरून ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाइप त्यानं पकडीनं दाबून धरला. इंजिन क्षणात शांत झालं. पाइप सोडला, थरथर परत.

"सापडलं," तो स्वतःशीच म्हणाला. बूस्टर हवा खात होता. ब्रेक दाबला, की तो इंजिनातलीच हवेची ओढ वापरतो. फुटका असेल तर इंजिन अडखळणारच. एवढं साधं, आणि आपण तीन आठवडे भलतीकडेच हात घालत बसलो. त्यानं नवा बूस्टर मागवला, दुपारी दोनपर्यंत बसवला, गाडी चालू केली.

दोनदा हलकी. एकदा जोरात.

त्यानं हातातला पाना फरशीवर आदळला. चित्रा मॅडम दचकून उठल्या. तो गाडीच्या मागे गेला. कशाला गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मागच्या भिंतीला चुना मारलेला होता, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर लाल उजेड पडत होता.

दोनदा अंधुक, क्षणभर. तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ.

ब्रेकलाइट लागत होते. गाडीत कोणी नव्हतं.

तो उजव्या दाराशी आला, वाकला आणि बॅटरीचा झोत पायांच्या जागेत टाकला. मधला पेडल, ब्रेकचा, खाली जात होता, वर येत होता. स्प्रिंग तुटल्यावर हलतो तसा नाही. सराईत माणूस गर्दीत गाडी आवरतो तसा, हलक्या पायानं, अंदाज घेत.

ज्योतीरामनं हात आत घातला आणि तळवा पेडलवर ठेवला. हाताच्या पाठीवर भार आला. मऊ, कोमट भार. त्यानं हात ओढून घेतला आणि बराच वेळ पँटला पुसत राहिला.

त्याच्या खांद्यावरून चित्रा मॅडम बघत होत्या.

"हे असंच करायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोनदा हलकं, मग दाबून. मागच्याला कळावं म्हणून."

हे म्हणजे त्यांचे मिस्टर, मधुसूदन. गाडी त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून ते घरी अंथरुणावर होते. बोलणं गेलं होतं. उजवा पाय कायमचा गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

चित्रा मॅडमनी घरी फोन लावला, स्पीकरवर. दिवसभर त्यांच्याजवळ इंदुताई असायच्या, खेडकडच्या, वयस्कर.

"इंदुताई, साहेबांच्या पायावरचं पांघरूण काढा. उजवा पाय बघा. हलतोय का?"

पलीकडे थोडा वेळ गेला. "व्हय ताई. हलतुया जरा."

चित्रा मॅडमनी ज्योतीरामकडे पाहिलं. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पेडल वर येऊन थांबला.

"आता?"

"आता थांबला."

पुन्हा चालू केलं. "आता हलला, ताई." पुन्हा बंद. "थांबला." चारदा केलं. चारदा तेच. ज्योतीरामच्या अंगावर काटा आला, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. कारण सापडलं होतं. कसलं का असेना, कारण होतं.

चित्रा मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. "डॉक्टर म्हणाले होते, काही उरलं नाही. चालू करा पुन्हा. चालूच राहू दे." ज्योतीरामनं इंजिन चालू केलं.

त्यांनी फोन त्याच्या हातात दिला आणि डावीकडून फिरून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पूर्वी बसत असतील तशा. दार लावलं, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली.

ज्योतीरामनं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"ताई हायती का जवळ?" इंदुताईंनी विचारलं.

"नाहीत. गाडीत बसल्यात."

"मग तुमास्नी सांगते, भाऊ. पाय न्हाई हलला. सकाळधरनं न्हाई, कवाच न्हाई. लई आशेनं इचारत हुत्या. फोनमदी गाडीचा आवाज आला की मी व्हय म्हनायची. साहेबांचा पाय माझ्या हातात हाय आत्ता. थंडगार हाय. तुमीच ताईस्नी सांबाळून सांगा."

ज्योतीरामनं भिंतीकडे पाहिलं. लाल उजेड दोनदा अंधुक लागला. मग जरा जास्त वेळ राहिला आणि विझला. परत लागला नाही.

त्यानं खिडकीतून आत पाहिलं. चित्रा मॅडम समोर बघत होत्या, ओठांवर हसू, डावा हात दाराच्या मुठीवर. त्यानं ओढून ठेवलेला हँडब्रेक खाली पडलेला होता. पायांच्या जागेत डावा पेडल, क्लचचा, गिअर टाकण्याआधी दाबतात तसा सावकाश तळाला गेला आणि तिथंच राहिला.

इंजिन तीन आठवड्यांत पहिल्यांदाच एकसारखं चालू लागलं.