जिन्याखालची पेटी

"पेटी उघडा! आधी टॉर्च काढा!"

कॉलनीचा कारभार बघणारे विद्याधरकाका जिन्याखाली धावले. बाहेर आंधीने अख्खी झाशी धुळीत बुडवली होती. संध्याकाळचे सहाच वाजले होते, पण जिन्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. वीज दुपारपासून गेलेली आणि सगळ्यांचे मोबाइल माना टाकून पडलेले! वरच्या मजल्यावर शशिकलाआजींच्या खिडकीची काच फुटली होती. एकट्या राहणाऱ्या आजींना आधी खाली आणायला हवं होतं.

माळ्यांनी कुलूप काढताच काकांनी झाकण उघडून आत चाचपलं. हाताला फक्त टॉर्च लागली. बटण दाबलं, तर काहीच नाही!

"अरे, यातले सेल कुठे गेले?" काका ओरडले.

तेवढ्यात वरून धप्प असा आवाज आला. वाट बघून आजी एकट्याच निघाल्या होत्या आणि अंधारात त्यांची पायरी चुकली होती. गुडघ्याला बांधायला पट्टी शोधली, तर तीही पेटीत नव्हती.

बारा वर्षांचा अमोघ तिथेच जिन्यापाशी उभा होता. सेल कुठे गेले, ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीत ते त्याच्या रिमोटच्या गाडीत गेले होते. 'दोनच दिवसांसाठी,' अशी त्याने तेव्हा स्वतःची समजूत घातली होती. गाडी मोडली, सेल संपले आणि तो विसरूनही गेला.

सकाळपर्यंत आजींचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यांना तळमजल्यावर काकांकडे आणलं, आणि अंगणात सभा भरली.

ही पेटी कॉलनीतल्या मराठी कुटुंबांनी मिळून केली होती. आंधी येवो, आग लागो, सगळं सामान एका जागी! दोरी, ताडपत्री, शिट्टी, पट्ट्या, आणि प्रत्येक वस्तूवर लाल रंगाचा पट्टा. दर दसऱ्याला अवजारांबरोबर पेटीचीही पूजा व्हायची. हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली की काका वहीत 'तपासली' असं लिहायचे. उघडून मात्र कोणी बघत नसे. पूजलेली पेटी कशाला विस्कटायची?

"किल्ली रामसेवककडे असते," काका म्हणाले. "चोर कोण, ते आता वेगळं सांगायला हवं का? सोमवारपासून दुसरा माणूस बघतो मी!"

रामसेवक म्हणजे कॉलनीचे माळी. वीस वर्षं पाण्याचा पंपही तेच चालवत होते. त्यांनी मान खाली घातली.

"चाबी हमारे पास थी, साब. तो गलती भी हमारी."

मग त्यांनी एकदाच अमोघकडे पाहिलं. दिवाळीत किल्ली मागायला अमोघ त्यांच्याकडेच गेला होता! अमोघची नजर पायाच्या अंगठ्यावरून हलेना. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

"मला पटत नाही यार!" शेजारची प्रांजली संध्याकाळी म्हणाली. "रामसेवकभैया शिट्टी चोरून काय करणार? वाजवत बसणार?"

"ती दोरी मी कुठेतरी पाहिलीय," तिची धाकटी बहीण तन्वी म्हणाली.

"कुठे?"

"तेच तर आठवत नाही ना!"

"घरोघर विचारलं तर सगळे कानांवर हात ठेवतील," प्रांजली म्हणाली. "सामान आपल्या पायांनी खाली यायला हवं. ए अमोघ, तू गप्प का?"

"काही नाही," अमोघ पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तन्वीने थाळी बडवायला सुरुवात केली.

"आंधीचा सराव! आंधीचा सराव! दोरी, शिट्टी, पट्ट्या, घरात जे असेल ते घेऊन पाच मिनिटांत खाली या!"

परवाच्या आंधीची धास्ती ताजी होती, त्यामुळे मोठी माणसं निमूट पळाली. सगळ्यांत पुढे विद्याधरकाका, खांद्यावर दोरीचं वेटोळं घेऊन!

"काका, लाल पट्टा!" तन्वी किंचाळली.

"अं? ही होय... मागच्या मे महिन्यात पुण्याला जाताना सामान बांधायला नेली होती," काका चाचरले. "एकच तर वस्तू! बाकी पेटी भरलेली होती की!"

अमोघच्या आईच्या, माधुरीच्या, हातात पट्ट्यांचा डबा होता. त्यावरही लाल पट्टा! ताडपत्री गच्चीवरच्या कुरडयांखालून आली, शिट्टी शाळेच्या खेळांमधून. आणि प्रत्येकाचं म्हणणं तेच, "मी तर एकच नेली!"

"उलगडा झाला!" प्रांजलीने टाळी वाजवली.

"पण सेल?" तन्वीने विचारलं. "सेल कोणी नेले?"

टॉर्चच्या आतल्या सेलवर लाल पट्टा नव्हता, ते कधीच सापडणार नव्हते. अमोघ गप्प राहिला असता, तर कोणाला कळलंही नसतं. पंपापाशी रामसेवक पाण्याचा पाइप गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी," अमोघ म्हणाला. मग त्याला रडूच फुटलं. "मी नेले! आजी माझ्यामुळे पडल्या!"

शशिकलाआजींनी खुर्चीतूनच त्याला जवळ बोलावलं.

"हाड जुळेल रे महिनाभरात. सगळ्यांसमोर बोललास, शाबास! पण एक दिवस उशिरा बोललास. तेवढ्यात त्या भल्या माणसाला चोर व्हावं लागलं. विद्याधर, तू पण ऐक!"

काकांनी रामसेवकांपुढे हात जोडले. "माफ करना, भैया. आप कहीं नहीं जाएंगे." मग ते मुलांकडे वळले. "तुम्ही आमचे डोळे उघडलेत! आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडून बघायची, आणि किल्ली मुलांकडे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अमोघला मात्र त्या ऐकवेनात. तो पंपापाशी गेला.

"भैया, आपको तो पता था. मेरा नाम क्यों नहीं लिया?"

रामसेवकांनी कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली.

"हम नाम लेते तो तुम पकड़े जाते. खुद थोड़े ही बताते."

अमोघने पेटीतली टॉर्च अंगणात आणली आणि सकाळीच दुकानातून आणलेले सेल खिशातून काढून तिच्यात घातले. भर उन्हात उजेड दिसेना. मग त्याने टॉर्च तळहातावर दाबून धरली आणि ती खरंच लागतेय ना, ते दोनदा पाहिलं.